उंच कपाळाची जीप

मिस्त्रींनी बॉनेट उतरवून भिंतीला टेकवलं होतं. त्याच्या जागी, काचेखालच्या काउलपासून पुढच्या जाळीपर्यंत, एक सरळ लाकडी पट्टी आडवी टाकली होती. बॉनेट लागलं की त्याची खालची बाजू कुठवर येईल, ते त्या पट्टीवरून कळत होतं. चेनकप्पीला टांगलेलं इंजिन वरून खाली, इंचाइंचानं, चॅसिसमध्ये उतरत होतं. दर दोन-तीन इंचांनी मिस्त्री हात वर करत, पोऱ्या साखळी थांबवे, आणि मिस्त्री आधी खाली वाकून ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलच्या हौसिंगला लागतंय का ते बघत, मग उठून इंजिनाचं कव्हर आणि पट्टी यांच्यामध्ये आपली बोटं आडवी घालत. तीन बोटं बसली. चौथं अडलं. "चार पाहिजेत," ते म्हणाले. "इंजिन चालू झालं की हलतं, त्याला हलायला जागा लागते." मालकानं विचारलं, बॉनेटला वरून एक फुगवटा काढला तर? मिस्त्रींनी भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "त्याला हात लावायचा नाही. फाउंडेशन पुन्हा बनवू."

नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका शेडमध्ये हे काम चाललं होतं, आणि एवढ्या एका वाक्यासाठी मी पुढचे तीन महिने तिथं जात राहिलो. जीप म्हणजे सीजे-३बी, १९६५ सालची, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या वडिलांनी घेतलेली. कप्पीला लटकलेलं इंजिन स्कॉर्पिओचं, २१७९ सीसीचं एमहॉक. अपघातात ती स्कॉर्पिओ निकालात निघाली, इंजिन शाबूत राहिलं. जीपचा जन्म मुंबईचा, स्कॉर्पिओचा आमच्या सातपूरचा. दोघींचं घराणं एकच, महिंद्राचं, मध्ये पिढ्यांचं अंतर.

या जीपचं रसग्रहण करायचं तर सुरुवात बॉनेटपासूनच करावी लागते. कारण तिचा चेहरा कुणा चित्रकारानं काढलेला नाही, तो इंजिनानं घडवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी आठवा: बसकी, सपाट, बॉनेट जवळजवळ मडगार्डांच्या रांगेत. तिच्या आत बार्नी रूस या अभियंत्यानं घडवलेलं 'गो डेव्हिल' इंजिन होतं, २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकच्या कुशीत, बाजूला बसवलेले. त्यामुळं वरचं हेड म्हणजे नुसतं चपटं झाकण. इंजिन बुटकं, म्हणून बॉनेट बुटकं. पुढं त्याच ब्लॉकवर, तोच बोअर आणि तोच स्ट्रोक ठेवून, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. एक्झॉस्टचे खालीच राहिले. हे 'हरिकेन'. श्वास मोकळा झाला, ताकद साधारण ७२ अश्वशक्तीपर्यंत चढली. पण वर रॉकर आले, कार्ब्युरेटरही हेडच्या डोक्यावर जाऊन बसला, आणि हे सगळं जुन्या बॉनेटखाली मावेना. विलिसच्या टोलेडोच्या कारखान्यानं १९५३ साली काय केलं? गाडी जवळपास तीच ठेवली आणि बॉनेट वर उचललं. जाळी उंच झाली, मडगार्डांच्या वर दोन्हीकडं पत्र्याची उभी भिंत आली, दिवे जाळीत थोडे हरवल्यासारखे दिसू लागले. ती सीजे-३बी.

अमेरिकेत हा उंच चेहरा सगळ्यांना रुचला नाही. तिथं १९६८ पर्यंत दीड लाखाच्या वर गाड्या बनल्या आणि मॉडेल थांबलं. आपल्याकडं मात्र महिंद्रानं तोच चेहरा वर्षानुवर्षं चालवला. त्यामुळं मराठी माणसाच्या डोळ्यापुढं 'जीप' म्हटलं की येतं ते हेच उंच कपाळ. तहसीलदाराची जीप, जंगल खात्याची जीप, निवडणुकीत कर्णा लावून गावात शिरलेली जीप, देवळालीच्या तोफखान्याच्या रस्त्यावर दिसणारी हिरवी जीप. युद्धाच्या चित्रपटांतली बसकी विलिस आपल्याला परकी वाटते, काहीतरी कमी असल्यासारखी.

म्हणजे ज्या गाडीत आज नवं इंजिन बसवतायत, ती मुळातच इंजिन बदलून जन्मली आहे. जुनं अंग आणि त्यात मोठा जीव, ही तिची कुळकथा. अमेरिकेतल्या ज्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात त्यांचीही गोष्ट हीच. १९६४ साली पाँटिॲकनं मध्यम आकाराच्या टेंपेस्टच्या अंगात मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची व्ही-८ इंजिन घातलं आणि जीटीओ तयार झाली. आपल्याकडं त्या जातीची म्हणून ओळखली जाणारी एकच गाडी, हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा. तिचं अंग इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं आणि सुरुवातीचं इंजिन ॲम्बेसेडरच्या घरातलं १४८९ सीसीचं. एवढ्या लांबरुंद देहाला ते पुरायचं नाही. मग कारखान्यानंच इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन बसवलं आणि ती गाडी खऱ्या अर्थानं चालू लागली. कॉन्टेसावर माझंही प्रेम आहे. पण नाशिकच्या मातीतली गाडी जीपच.

इथल्या जुन्या जीपांचं इंजिन बदलणं काही आजचं नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा हरिकेन काढून डिझेल घालायची लाटच आली होती. १९८० च्या दशकात महिंद्राकडं प्यूजोच्या परवान्याचं एक्सडीपी ४.९० आलं, चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर, एकूण २११२ सीसी. मिस्त्री लोक आजही त्याला नुसतं 'प्यूजो' म्हणतात. ते शांत, पण माझ्या कानाला थोडं उपरं. दुसरं डीआय, २५२३ सीसीचं. त्याची मापं मोठी बोलकी आहेत. बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. असे वेडेवाकडे आकडे कोण ठरवतं? इंचात करून बघा: साडेतीन इंच आणि बरोबर चार इंच. हे इंजिन इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं, इंग्रजी फूटपट्टीवर जन्मलेलं. म्हणूनच ते बोलेरोत असो वा जीपमध्ये, त्याच्या ठोक्यात नांगरट ऐकू येते. ३२०० फेऱ्यांच्या वर ते जात नाही आणि जायची त्याला गरजही वाटत नाही. एमहॉकची मापं ८५ आणि ९६, सरळ मेट्रिक. आकड्यांवरूनच पिढी कळते.

कंपनीनंही हेच काम एकदा स्वतःच्या हातानं करून दाखवलं. २०१० ची पहिली थार बघा. जुन्या जीपचा बाज, सपाट मडगार्ड, बाहेरून दिसणारे बॉनेटचे कडीकोयंडे, आणि आत २४९८ सीसीचं सीआरडीई, १०५ अश्वशक्ती. मागं पाटे तसेच ठेवले, पुढं मात्र टॉर्शन बारचं स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. ही गाडी मला अर्धी आवडते. इंजिन आणि चेहरा यांचं जमलं, पण पुढची चाकं वाकडी-तिरकी होऊन मोठ्या दगडावर चढायची तेव्हा जीपचा जुना हट्ट त्यात सापडत नसे. या चेहऱ्याची किंमत किती, हे पुढं परदेशात कळलं. महिंद्रानं २०१८ साली अमेरिकेत रॉक्सर नावाची गाडी आणली, आणि जीपचं नाव तेव्हा ज्यांच्याकडं होतं त्या फियाट क्रायस्लरनं चेहऱ्याच्या हक्कावरून दावा लावला. २०२० साली तिथल्या व्यापार आयोगानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. रॉक्सरला तोंड बदलावं लागलं. जाळीच्या उभ्या फटी, पत्र्याची पेटी आणि सपाट मडगार्ड यांवरून दोन खंडांतल्या कंपन्या भांडत राहिल्या.

आता पुन्हा शेडमध्ये. इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन दुसऱ्यांदा बनवलं. चॅसिसला एकही वेल्डिंग नाही. मिस्त्रींनी जाड पट्टीचे कंस करून ते चॅसिसच्या मूळ भोकांतच बोल्टांनी आवळले. इंजिन थोडं मागं सरकलं, पाऊण इंच खाली बसलं. चौथं बोट आत गेलं. मी मुद्दाम माझी बोटं घालून पाहिली. जाड कातडीच्या त्यांच्या बोटांपुढं माझी चार म्हणजे त्यांची साडेतीनच होती.

इंजिन बसलं म्हणजे काम झालं असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. या जीपची चाकांमधली लांबी फक्त ८० इंच. नवं इंजिन आपला पाच गिअरचा लांब गिअरबॉक्स घेऊन आलं, त्यामागं ट्रान्स्फर केस, आणि मागच्या हौसिंगपर्यंत जायला प्रोपेलर शाफ्टला उरली वीतभर जागा. शाफ्ट जितका आखूड तितका त्याचा कोन उभा, आणि कोन उभा झाला की क्रॉस जॉइंट खाऊन टाकतो. मिस्त्रींनी गिअरबॉक्स मागच्या बाजूला जरा कलता ठेवला आणि हौसिंगचं नाक वर करायला पाट्यांखाली पाचरी दिल्या. मग हौसिंगचा प्रश्न. जुन्याचं गुणोत्तर ५.३८, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टनं पाच वेळांहून जास्त फिरायचं. शेतातल्या चिखलासाठी ते उत्तम. पण ३२०० फेऱ्यांना सरळ टॉप गिअरमध्ये गाडी ताशी ऐंशीच्या आसपासच पोचते. शिवाय हरिकेनचा पीळ १५५ न्यूटन-मीटर आणि एमहॉकचा २९०. जवळजवळ दुप्पट जोर त्या जुन्या दातांवर टाकायचा नाही, म्हणून दोन्ही हौसिंग बदलली आणि ब्रेकही मोठे आले. ब्रेकवरून मिस्त्रींनी मला एक धडा दिला. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखं ओढ घेणारं मॅनिफोल्ड नसतं, म्हणून ब्रेक बूस्टरला लागणारी पोकळी वेगळ्या पंपानं तयार करावी लागते. तो पंप विसरला तर गाडी पळेल छान, थांबणार नाही. इंजिन बदलून आलेली कुठलीही जीप बघायला गेलो की मी आता आधी ब्रेक दाबतो.

हौसिंगबरोबर एक गोष्ट गेली, तिची हळहळ मला आजही आहे. विलिसच्या घराण्यातल्या जुन्या जीपांना डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. चाक पुढं फिरताना नट सैल पडू नयेत म्हणून. नवा पोऱ्या त्यावर पाना लावून जिवाच्या आकांतानं उलटं फिरवायचा आणि जुना मिस्त्री हसायचा. गॅरेजात शिकाऊ पोराची ती पहिली परीक्षा असायची. नव्या हौसिंगला सगळे नट सरळ आट्यांचे. सोय झाली, पण जीपच्या अंगावरची एक ओळ पुसली गेली. जुने हब मिस्त्रींनी खोक्यात भरून मालकाच्या ताब्यात दिले.

आमच्या जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणतात. जुन्या पैठणीचं अंग विरलं की जाणत्या घरात तिचे काठ-पदर सोडवून नव्या रेशमावर चढवतात. साडी आजीचीच म्हणून ओळखली जाते, कारण ओळख पदरात असते. पण कारागिराला पदर कुठं संपतो आणि अंग कुठं सुरू होतं हे नेमकं माहीत असावं लागतं. जीपचा पदर म्हणजे चॅसिस, बॉनेट, जाळी, काचेची चौकट, मडगार्ड आणि ती पत्र्याची पेटी. तिथं कात्री चालली की मग आतलं इंजिन कितीही चांगलं असो, ती जीपचा वेश घेतलेली दुसरीच गाडी. मी अशा कितीतरी पाहिल्या: बॉनेटवर फुगवटा, चॅसिस मधून कापून लांब केलेली, ट्रॅक्टरएवढे टायर बाहेर आलेले. त्यांच्या मागं पैसा दिसतो, वाचन दिसत नाही.

गाडी पहिल्यांदा घाटात नेली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. कसाऱ्याहून वर इगतपुरीकडं. मालकाच्या लहानपणी हाच घाट हरिकेननं दुसऱ्या गिअरमध्ये चढायचा, इंजिन तापायचं, आणि घाटनदेवीपाशी थांबून रेडिएटरचं झाकण ओल्या फडक्यानं उघडायचा सोहळा व्हायचा. पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. चालत्या गाडीत तो टाकायचा म्हणजे डबल क्लच मारायचा, चुकला तर सगळ्या गाडीनं दात खायचे. त्या दिवशी जीप तिसऱ्या गिअरमध्ये, घाम न फुटता, वर आली. तरी मालकानं घाटनदेवीपाशी गाडी थांबवलीच. बॉनेट उघडलं, काही तापलेलं नव्हतं. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग नारळ फोडला.

आवाजाबद्दल लिहायलाच हवं, कारण तिथं माझं मत मालकाच्या मताशी जुळत नाही. हरिकेनचा स्ट्रोक लांब, बोअर अरुंद. त्यामुळं मंद फेऱ्यांवर त्याचा एकेक ठोका सुटा ऐकू येतो, तबल्याच्या विलंबित ठेक्यासारखा, मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवून. डीआयचा ठोका रांगडा पण तोही मोजता येतो. एमहॉकमध्ये ठोके मोजता येत नाहीत, ते एकमेकांत मिसळून एक सलग स्वर होतो आणि वर टर्बोची बारीक शीळ. स्वर शुद्ध आहे, पण त्या चेहऱ्याचा नाही. माझ्या मते या जीपला डीआय जास्त शोभलं असतं. उंच कपाळाच्या, धीम्या स्वभावाच्या गाडीला धीमं बोलणं शोभतं. मालक म्हणतो, आठवड्यातून दोनदा नाशिक, महिन्याला मुंबई, बायको-मुलं बरोबर. मला घाटात थांबायचं नाही. त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. गाडी चालवणाऱ्याचा हक्क ऐकणाऱ्याच्या हक्काहून मोठा.

कागदपत्रांचं सांगतो, कारण उत्साहात लोक तिथंच फसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ च्या निकालात हे ठासून सांगितलं. तेव्हा इंजिन विकत घेण्याआधी पेठ रोडवरच्या आरटीओत जाऊन विचारा, परवानगी मिळते का, कोणत्या अटींवर मिळते. या मालकानं आधी ते केलं, मग इंजिनाला हात लावला. दुसरी गोष्ट याहून विचार करण्यासारखी. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. १९६५ ची ही जीप वयानं त्या मानाला पात्र होती, आणि एमहॉक बसलं त्या दिवशी तो मान गेला. उलट व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. जिला मूळ रूपात जपता येईल ती जीप जपावी असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ इंजिन जागेवर असेल आणि फिरत असेल तर ते काढू नये. इथं तसं नव्हतं, हरिकेनचा ब्लॉक तडकलेला होता आणि गाडी अकरा वर्षं गोठ्याशेजारी उभी होती.

तरीही हे काम मला श्रेष्ठ वाटतं ते उलट फिरवता येतं म्हणून. मिस्त्रींचे सगळे कंस बोल्टांवर आहेत, बॉनेटला भोक नाही, चॅसिसवर टाका नाही. उद्या मालकाच्या मुलाला तडकलेला ब्लॉक शिवून घेऊन हरिकेन परत बसवावंसं वाटलं तर एका आठवड्यात ते होईल, आणि उलट्या आट्यांचे नटही खोक्यात आहेत.

म्हणून ज्यांच्या दारात अशी जीप उभी आहे त्यांना एवढंच सांगणं: नवं इंजिन घाला, पण काढलेलं हरिकेन भंगारात देऊ नका. नंबराची पट्टी त्याच्यावरच राहू द्या. प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडा, प्लग परत लावा, कार्ब्युरेटरचं तोंड फडक्यानं बांधा, लाकडी ओंडक्यांवर कोरड्या जागी ठेवा. आणि दर दोन महिन्यांनी पुली हातानं एकदा पुरती फिरवा, म्हणजे रिंगा धरत नाहीत.